सोंड पोटाला चिकटली, लॅपटॉप धापा टाकायलाय. मेश (मूर्तीची त्रिकोण-चौकोनांची जाळी) कसा सांभाळता?

मातीचा_गणोबा (परभणी)

राम राम मंडळी.

बाबा शाडूचे गणपती करतात, आजोबाही तेच करायचे. यंदा मी हट्ट धरला की एक फुटी गणपतीचा नवा नग कॉम्प्युटरवर घडवायचा, त्याची थ्रीडी प्रिंट काढायची आणि तिच्यावरून रबराचा साचा करायचा. बाबा म्हणाले, "कर. पण जूनच्या आत साचा हातात दे, नंतर मला बोलायचं नाही."

ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये करायलोय. गोळा घेतला, डायनटोपो चालू केलं (ब्रश फिरेल तिथं जाळी बारीक होते) आणि पोट, सोंड, कान ओढत ओढत घडवले. तिथवर लई मजा आली. मग मुकुटाची नक्षी घेतली तर रेषा तुटक आणि खरखरीत यायल्या. म्हणून व्हॉक्सेल रिमेश (सगळी जाळी ठरावीक मापाच्या ठोकळ्यांवरून नव्याने विणणं) बारीक केला. मग आणखी बारीक केला. आता कोपऱ्यात आकडा दिसतो ९० लाख त्रिकोण. ब्रश फिरवला की तीन सेकंदांनी उमटतो. मधल्या एका रिमेशमध्ये सोंड पोटाला जी चिकटली ती काही सुटेना. आणि एवढं करून मुकुट अजून घासलेल्या नाण्यासारखाच.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. नवा घेण्याची गोष्टच काढू नका. लोक कोटी-कोटी पॉलिगॉनच्या (त्रिकोण-चौकोनांच्या) गप्पा मारतात ते नेमकं कशावर? मशीन कमी पडतंय की मीच चुकायलोय?

त्रिकोणराव (पुणे, मूळ सेलू)

मशीन बरंय. तुम्हीच चुकताय. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

निवांत_निलंगेकर

रुमाल टाकून ठेवतो.

जालन्याचा_जॉन्टी

एक साधा प्रश्न. लॅपटॉप कुठं ठेवून काम करता?

मातीचा_गणोबा

पलंगावर. गादीवर.

जालन्याचा_जॉन्टी

धन्य आहात! परभणीत मे महिना, बाहेर पारा ४३, वर पत्रा आणि खाली गादी. त्या बिचाऱ्याचं नाक तुम्ही दाबून धरलंय. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, नाहीतर जळेल. आधी लाकडी पाटावर ठेवा, मागची बाजू दोन इंच उचला आणि जड काम पहाटे करा. माझ्याकडे याच एका गोष्टीने निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा त्रिकोणराव सांगतील.

आणि कुलरसमोर ठेवू नका. आमच्या एका मित्राने ठेवला होता. पाण्याचे तुषार कीबोर्डात गेले.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

कायकू एवढा ताप घेता भाऊ, ब्लेंडर सोडा, झीब्रश सॉफ्टवेअर घ्या. याच १६ जीबीवर मी एका सबटूलला (मूर्तीच्या एका सुट्या भागाला) दोन-दोन कोटी पॉलिगॉन चालवतो. ते ग्राफिक्स कार्डावर अवलंबूनच नाही, सगळं प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. डायनामेशमध्ये ढोबळ घडवा, झीरिमेशरने जाळी हलकी करा, सबडिव्हिजनने बारीक करत न्या, मूळ मूर्तीवरची घडण तिच्यावर प्रोजेक्ट करा. विषय संपला.

शेंगदाणा_चटणी (लातूर)

विषय संपला म्हणे. वर्गणी कोण भरणार? २०२१ च्या शेवटी मॅक्सॉन कंपनीने झीब्रश घेतलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांनी त्याच्याकडे लांबूनच हात जोडलेत.

ग्राफिक्स कार्डाचं मात्र खरंय. मी झीब्रशसाठी म्हणून महागडं कार्ड टाकून घेतलं, दुकानदारही "घ्या, मक्खन चालेल" म्हणाला. काडीचा फरक पडला नाही. त्या पैशात रॅम दुप्पट झाली असती. आता त्या कार्डावर पोरगा गेम खेळतो.

त्रिकोणराव

आलो. आता सावकाश लिहितो.

आधी हिशोब. एक फुटी बसलेला गणपती, घड्या, कान, हात धरून पृष्ठभाग साधारण २,५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अडीच लाख चौरस मिलिमीटर. त्यावर १ मिमीचे चौकोन बसवले तर अडीच लाख लागतात. अर्ध्या मिमीचे दहा लाख, पाव मिमीचे चाळीस लाख. चौकोनाची बाजू निम्मी केली की आकडा चौपट होतो. तुमचे ९० लाख त्रिकोण म्हणजे ४५ लाख चौकोन, म्हणजे तुम्ही आत्ता पाव मिमीच्या आसपास आहात. सगळीकडे. मुकुटावर पाव मिमी आणि बैठकीच्या खाली, जिथं पाटाशिवाय कुणी बघणार नाही, तिथंही पाव मिमी.

आता मुकुटावरची रेघ समजा अर्ध्या मिमीची आहे. तिच्या रुंदीत तुमचे चौकोन बसतात दोन. दोन चौकोनांत खाच कशी दिसणार? एक कड उतरती, एक चढती, तळ नाहीच. निदान चार-पाच हवेत. ते सगळ्या मूर्तीला द्यायला गेलात तर १ कोटी ६० लाख चौकोन होतात आणि लॅपटॉप गावाकडे निघून जातो.

शिवाय व्हॉक्सेल रिमेश तुमची नक्षी ओळखत नाही. तो दर वेळी जुना पृष्ठभाग फेकून नवी जाळी विणतो, आणि त्या जाळीचे धागे तुमच्या रेघेच्या दिशेने जात नाहीत. नक्षी केल्यावर रिमेश म्हणजे कोरलेल्या दगडावर पुन्हा पटाशी. दर वेळी थोडी बोथट होणारच. नाणं असंच घासलं गेलं. सोंड चिकटली तेही याच कारणाने: दोन पृष्ठभागांमधलं अंतर व्हॉक्सेलपेक्षा कमी झालं की तो त्यांना एकच समजतो.

मी असं करतो:

घडण होईपर्यंत व्हॉक्सेल जाडच. एक फुटाला ३ मिमी खूप झाले. या टप्प्यावर बोटांना नखं नाहीत, डोळ्यांना पापणी नाही. मूर्ती लांबून गणपती दिसली पाहिजे, बस. सोंड पोटापासून चांगली बोटभर लांब ठेवायची, जवळ शेवटी आणायची.

मग मुकुट, दागिने, हात, आसन, उंदीर वेगवेगळे ऑब्जेक्ट. ही वाटणी केली नाही तर पुढचं सगळं वाया.

मग प्रत्येकाला चौकोनांची स्वच्छ, हलकी जाळी. ब्लेंडरमधलं क्वाड्रिफ्लो बरं काम करतं, चेहऱ्याला मी हाताने विणतो. त्यावर मल्टिरेस, म्हणजे तीच जाळी पातळी-पातळीने चौपट बारीक करत जाणं. इथं खरी गंमत आहे. ६,००० चौकोनांचं धड घेतलं तर पहिल्या पातळीला २४,०००, मग ९६,०००, मग ३ लाख ८४ हजार, मग १५ लाख ३६ हजार. पण या पातळ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. पोट मोठं वाटलं तर पहिल्या पातळीवर उतरून ढकलायचं, वरचा जानव्याचा पीळ आपोआप सोबत सरकतो. तुम्ही आत्ता पोट हलवायला ४५ लाख चौकोन ढकलताय, म्हणून ढेकळं उठतात.

जुन्या मूर्तीवरची घडण नवीवर आणायची तर श्रिंकरॅप, तो नवी जाळी जुनीच्या अंगाला चिकटवतो. एक पातळी वाढवा, श्रिंकरॅप लावून पक्का करा, मग पुढची पातळी. एकदम चौथ्या पातळीवर जाऊन लावलात तर बोटं एकमेकांत घुसतील.

आणि मल्टिरेस लावल्यावर रिमेशकडे बघायचंही नाही. ब्लेंडर करू देत नाहीच.

निवांत_निलंगेकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). याचा वेगळा लेख करा हो.

चित्रगुप्त_हिंगोली

एवढी उठाठेव कशाला? नक्षी नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात बेक करा (उतरवून घ्या), खाली ५,००० पॉलिगॉनची मूर्ती ठेवा. आम्ही गेमसाठी हेच करतो. पन्नास गणपती नाचवले तरी फोन गरम होत नाही.

त्रिकोणराव

नॉर्मल मॅप म्हणजे उजेडाला मारलेली थाप. पृष्ठभाग सपाटच असतो, फक्त प्रकाश वळल्यासारखा दिसतो. प्रिंटरला थापा कळत नाहीत. तो गुळगुळीत मुकुट छापून मोकळा होईल.

चित्रगुप्त_हिंगोली

अर्रर्र. प्रिंट काढायचीय हे वाचलंच नव्हतं. शब्द मागे. डिस्प्लेसमेंट मॅप चालेल पण, नाही का? तो पृष्ठभाग खरोखर वर-खाली करतो.

त्रिकोणराव

चालेल, पण तो जाळीवर उतरवायला शेवटी तेवढे चौकोन लागणारच. पुन्हा त्याच दारात.

वेरूळवेडी

त्रिकोणरावांचा प्रतिसाद वाचून मला आपल्या लेण्यांची आठवण झाली. कोरक्यांनीही आधी ढोबळ आकार काढला असणार, मग हळूहळू बारीक काम. कैलासचा डोंगर आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात फोडला, तेव्हा कुणी पहिल्या दिवशी हत्तीच्या गळ्यातली घंटा कोरायला बसलं नसणार. आधी मोठं, मग लहान. तंत्र तेच, छिन्नीच्या जागी पेन आलं.

खडूस_मास्तर (अंबाजोगाई)

ताई, उदाहरण छान आहे, पण उलटं आहे.

कैलास वरून खाली कोरलाय. शिखराचं काम चाललेलं असताना खालचा भाग डोंगराच्या पोटातच होता. सगळा आकार आधी ढोबळ काढून मग सगळीकडून बारीक करत गेले, हे तिथं शक्यच नव्हतं. वरचं पुरं करायचं, मग खाली उतरायचं, नाहीतर परत वर चढायला परांची बांधा. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, ते नीट बघा. तिथले खांब घडणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेत, काही बरेच पुढे गेलेले, काही नुसते ठोकळे. मी दरवर्षी पोरांना तिथं उभं करून दाखवायचो, कारण पूर्ण झालेलं लेणं आपली पद्धत लपवून ठेवतं.

तेव्हा त्या कोरक्यांची पद्धत मल्टिरेसची नव्हती.

वेरूळवेडी

हार मानते. पण मास्तर, एकेका खांबापुरतं तरी ढोबळ ते बारीक होतंच ना? चौकोनी ठोकळा, मग आठ पैलू, मग सोळा, मग नक्षी?

खडूस_मास्तर

एका खांबापुरतं मान्य. म्हणजे तुमचा त्रिकोणराव म्हणतो ते ‘वेगवेगळे ऑब्जेक्ट’ तिथंही होते असं म्हणू. एकेक खांब पुढे न्यायचा, बाकीचे तोवर ठोकळेच. त्यांची रॅम तशी वाचली.

शेंगदाणा_चटणी

मास्तरांनी विनोद केला! धाग्याची नोंद घ्या.

पाणचक्की

लेण्यांचा विषय निघालाच आहे तर एक. कर्नाटकात हळेबीडचं देऊळ बघून आलो. तिथल्या मूर्तींचे दागिने सुईने कोरल्यासारखे, कंकणाच्या आतली बाजूसुद्धा मोकळी. आपल्याकडे औंढ्याच्या, होट्टलच्या देवळांवर काम सुंदरच, पण तेवढी जाळी नाही. आपले कारागीर कमी होते का?

खडूस_मास्तर

कारागीर कमी नव्हते, दगड वेगळा. हळेबीडच्या होयसळ राजांचा दगड मऊ, जरा जास्त तासला तरी तुटत नाही. आपला काळा पाषाण कठीण, त्यात मध्येच पोकळ्या. त्याच्यात कुठवर बारीक जायचं ते दगडच ठरवतो.

पैठणचे_काका

नमस्कार. मला हे मेश-बिश काही कळत नाही, नातवाने धागा वाचून दाखवला. चाळीस वर्षं माती मळतोय, म्हणून दोन शब्द.

बाळा, तू मुकुटावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढतोस. त्यावरून रबराचा साचा. रबर ती रेघ घेईल, रबर लबाड असतं, बोटाचा ठसासुद्धा घेतं. पण त्या साच्यातून शाडू काढशील तेव्हा काय? माती वाळताना आकसते, ओलसर असताना तू पाण्याचा हात फिरवशील, मग पांढरा रंग, मग सोनेरी. तीन थरांखाली तुझी रेघ बुजली. मग ती कुणासाठी काढलीस? जिथं खोल हवंय तिथं दुप्पट खोल काढ, आणि जिथं रंगाने होतंय तिथं काढूच नकोस. सोवळ्याचे काठ ब्रशने चांगले दिसतात.

दुसरं, कान आणि सोंड यांच्यामागे जास्त पोकळ घेऊ नकोस, साचा अडकतो. ओढशील तर कान हातात येईल.

तिसरं, डोळे. डोळ्यांची आखणी बाबांना करू दे. बुबुळ मशीनवर कोरू नकोस, नजर मेल्यासारखी येते.

मातीचा_गणोबा

काका, दंडवत. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हेच मी सांगत होतो." त्यांनी असलं काही सांगितलं नव्हतं.

रेझिनवाला (छत्रपती संभाजीनगर)

काकांच्या पुढची गोष्ट माझ्याकडे येते, मी प्रिंट काढून देतो. लोक मला ज्या फायली पाठवतात त्या बघून रडू येतं. प्रिंटसाठी पाठवतात त्या बायनरी एसटीएल फाईलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात. ९० लाख त्रिकोण म्हणजे ४५० एमबी. स्लायसर (मूर्तीचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत माझा चहा होतो. आणि माझ्या रेझिन प्रिंटरचा ठिपकाच ०.०५ मिमीचा, त्याच्या खालचं काहीही पाठवलं तरी छापलं जात नाही. प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या साध्या प्रिंटरचं नोझल (तोंड) तर ०.४ मिमीचं.

पाठवण्याआधी प्रत करून डेसिमेट करा, म्हणजे त्रिकोण कमी करा. सपाट जागचे त्रिकोण जातात, नक्षीच्या कडांचे राहतात. मूळ फाईल मात्र तशीच ठेवा. डेसिमेट केलेल्या मूर्तीवर पुन्हा काम करता येत नाही, तिची जाळी म्हणजे चुरगाळलेला कागद. एका गिऱ्हाइकाने मूळ फाईलवरच डेसिमेट करून सेव्ह मारलं होतं. परत पहिल्यापासून.

आणि मोत्यांच्या माळा कोरत बसू नका हो! एक मणी करा आणि वळणाच्या रेषेवर ॲरेने पसरवा. सुटे मणी लागले तर ऑल्ट-डी ने प्रती काढा, मग दोनशे मण्यांना एकाच मण्याची जाळी पुरते. धडात मिसळायचं ते अगदी शेवटी.

पाणचक्की

+१. झीब्रशमध्ये यालाच इन्सर्ट ब्रश म्हणतात. (सांगितलं आपलं. कुणी घेणार नाही माहीत आहे.)

ताई_सेलूच्या

माझी शंका जरा बाजूची. आयपॅडवर नोमॅड हे घडणीचं ॲप वापरते, घरगुती दिवे आणि उंबरठ्यावरची पावलं करते. तिथंही मल्टिरेझोल्यूशन आणि व्हॉक्सेल दोन्ही आहे. व्हॉक्सेल मारलं की आधीच्या पातळ्या जातात, हे तीन पावलं गमावल्यावर कळलं. लक्ष्मीची होती हो!

त्रिकोणराव

ताई, तिथंही नियम तोच. व्हॉक्सेल आधी, पातळ्या नंतर. मारायचंच असेल तर आधी ऑब्जेक्टची प्रत काढून लपवून ठेवा.

जालन्याचा_जॉन्टी

लक्ष्मीची पावलं गेली म्हणजे यंदा पैसा येणार नाही. आयपॅडचे हप्ते चालू आहेत का?

मातीचा_गणोबा (नऊ दिवसांनी)

मंडळी, हिशोब द्यायला आलो.

जुनी मूर्ती बाजूला ठेवली, फेकली नाही. लॅपटॉप पाटावर आला. ३ मिमी व्हॉक्सेलवर नव्याने घडवली, दोन पहाटेत झाली, कारण आता काय करायचं ते हाताला माहीत होतं. सोंड लांब ठेवली. एक घोटाळा झाला: मी ऑब्जेक्ट लहान-मोठा केला होता आणि स्केल पक्कं केलंच नव्हतं, त्यामुळे व्हॉक्सेलचा आकडा ३ टाकला तरी निघत होतं भलतंच. अर्धा दिवस गेला. स्केल अप्लाय केल्यावर ताळ्यावर आलं.

धड ५,८०० चौकोनांचं, चौथ्या पातळीला १४ लाख ८४ हजार ८००. मुकुट वेगळा, ३,००० चौकोन, पाचव्या पातळीला ३० लाख ७२ हजार. धडावर काम करताना मुकुट पहिल्या पातळीवर, मुकुटावर करताना धड लपवलेलं. ब्रश हाताबरोबर चालतो.

गंमत बघा, दोन्हींची बेरीज केली तर ४५ लाख ५६ हजार ८०० चौकोन. त्रिकोणांत ९१ लाख! म्हणजे जेवढ्याने लॅपटॉप मरायला टेकला होता त्याहून लाखभर जास्तच, आणि मुकुटावरचा वेल पानापानाने दिसतो.

त्रिकोणराव

शाब्बास. पण मुकुटाला पाचवी पातळी कशाला? तुमच्या मुकुटाचा पृष्ठभाग १५० चौरस सेंटिमीटर धरला तर चौथ्या पातळीलाच, ७ लाख ६८ हजारांत, चौकोन ०.१४ मिमीचा येतो. पाचवीला ०.०७. काकांचे तीन थर बसल्यावर पाचवी पातळी कुणाच्या बापाला दिसणार नाही. एक पातळी खाली जाऊन बघा.

मातीचा_गणोबा

बघितलं. दोन्ही पडद्यावर शेजारी ठेवून बाबांना विचारलं, कुठला बारीक आहे? त्यांनी चौथ्यावर बोट ठेवलं. रेझिनवाले दादा, चौथीचीच डेसिमेट करून पाठवतो, धड तीन तुकड्यांत, मुकुट अखंड. जोड सोवळ्याच्या घडीत लपवलेत.

रेझिनवाला

पाठवा. मुकुट तिरपा लावून काढतो, मागच्या बाजूला आधाराच्या काड्यांचे डाग राहतील, पॉलिश पेपर मारून घ्या. फक्त गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाईट नसते. मध्येच गेली तर अर्ध्यात थांबलेला मुकुट अजिंठ्याच्या २४ नंबरला नेऊन ठेवावा लागेल.

खडूस_मास्तर

तिथं जागा आहे.

पैठणचे_काका

सोंड कुठल्या बाजूला वळवलीस ते कुणी विचारलंच नाही.

मातीचा_गणोबा

डावीकडे, काका. फोटो टाकतो.

निवांत_निलंगेकर

फोटो दिसत नाहीये. फक्त मलाच की सगळ्यांनाच?